तिरपी नीज

डिसेंबरातला रविवार होता. सूर्य वर्धा नदीच्या अंगाला कलला होता, वेचलेल्या कापसाचे गठ्ठे बंडीवर चढत होते आणि मी धुऱ्यावरच्या दोन निंबांमध्ये टांगलेली झोळी सोडून तिच्या पिशवीत भरत होते. दुकानात तिला हॅमॉक म्हणतात. आमच्या वावरात पहिल्या दिवसापासून ती झोळीच झाली. वेचणाऱ्या बायांपैकी एक तरुण बाई, कडेवर सहा महिन्यांचं लेकरू, कमरेला अजून ओटी बांधलेली, माझ्यापाशी येऊन उभी राहिली. थोडा वेळ नुसती कापडाकडे बघत होती. मग म्हणाली, "ताई, मले पाहू द्या ना जी याच्यात निजून. पाचच मिनिटं." मी पिशवीची नाडी ओढत होते. हात थांबवला नाही. म्हटलं, "अगं, आता बांधून झाली बघ. अंधार पडेल. पुन्हा कधीतरी." ती "हव" म्हणाली. तोंडावर नाराजी नव्हती, आणि तेच नंतर फार लागलं. नाही ऐकायची सवय असलेल्या माणसाचं ते हव होतं. तिनं ओटीची गाठ सोडली, उरलेला कापूस गठ्ठ्यात रिकामा केला आणि सासूच्या मागे पायवाटेला लागली.

तीन मिनिटांचं काम होतं.

हे मनातून का गेलं नाही ते सांगायचं तर माझ्या कमरेपासून सुरू करावं लागेल. बावीस वर्षं मी अप-डाउन केलं. आधी एस.टी.नं, मग स्कुटीनं, रोजचे जायचे ३४ किलोमीटर आणि यायचे ३४. त्या रस्त्यावरचा एकेक खड्डा माझ्या मणक्याला पाठ आहे. चाळिशी उलटली तशी रात्री तीनच्या सुमाराला जाग यायला लागली. कंबरेच्या खाली, मधोमध, कुणी मूठ दाबून धरल्यासारखं. कुशीवर वळावं तर मूठ वळते, उताणं व्हावं तर ती घट्ट होते. डॉक्टरांनी फोटो काढले, काही मोठं नाही म्हणाले, व्यायाम सांगितला. बाकी सगळ्यांनी एकच सांगितलं, कडक झोपा. मी गादी काढून फळीवर झोपले. फळीवर टाचा, माकडहाड आणि खांदे तेवढे टेकतात, कंबर मध्ये अधांतरी राहते. माहेरी जमिनीवर सतरंजी टाकून झोपून पाहिलं, तर आईनं झोपू दिलं नाही. आमच्या गावाला मण्यार काही नवीन नाही. ती रात्रीच निघते, जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते आणि डसली तरी पुष्कळदा कळत नाही, खूणसुद्धा धड दिसत नाही. आईच्या लहानपणी तिच्या शेजारघरातलं एक माणूस असंच सकाळी उठलं नाही. तेव्हापासून तिच्या लेखी माणसानं जमिनीपासून वर निजायचं, मग पाठ दुखो की मोडो.

उरली बाज. बाबांची नवारीची बाज अंगणात असायची आणि ती ताणणं हा त्यांचा दर महिन्याचा सोहळा होता. पायथ्याची दोरी सोडायची, पाय लाकडाला रोवायचा, एकेक वेढा ओढून मागे न्यायचा, शेवटी थाप मारून बघायची. ढोलकीसारखी वाजली की बाज झाली. "ढिल्या बाजेवर निजणाऱ्याची कंबर ढिली होते," ते म्हणायचे. मी त्यांच्यावरच गेले आहे. म्हणून भाच्यानं ट्रेकसाठी घेतलेली ती झोळी, शिकायला पुण्याला जाताना, "आत्या, तुझ्या पाठीला होते का बघ" म्हणून माझ्याजवळ सोडली, तेव्हा मी पहिल्यांदा काय केलं असेल तर ती ताणली. बाबांच्या मोडक्या बाजेची नवार घरात पडून होती. झाडाच्या सालीला दोरी काचते, चपटी रुंद पट्टी काचत नाही, एवढं भाच्यानं सांगितलं होतं, म्हणून ती नवार दोन्ही खोडांना गुंडाळली आणि सगळा जोर लावून झोळी अशी ओढली की दोन झाडांमध्ये तार बांधल्यासारखी दिसावी. थापही मारून पाहिली. बसले आणि एका बाजूची नवार फाटकन गेली. नांगरलेल्या मातीत पडले म्हणून निभावलं. भाऊ विहिरीकडून धावत आला. तो दिवस मी पुन्हा तिच्यात बसले नाही.

नवार का तुटली ते भाच्यानं फोनवर समजावलं आणि मला ते इतकं पटलं की वर्गातल्या फळ्यावरही नंतर काढून दाखवलं. माझं वजन ६२ किलो. दोन्हीकडच्या पट्ट्या झाडापासून उतरत आल्या आणि आडव्या रेषेशी त्यांचा कोन ३० अंशांचा झाला, तर एकेका पट्टीवर साधारण ६२ किलोचाच ताण येतो. त्याच पट्ट्या ओढून ओढून १० अंशांवर आणल्या की एकेका बाजूवर १८० किलोच्या आसपास. वजन तेच, झाडं तीच, नुसतं ताणल्यानं ओझं तिप्पट. त्यातून ती नवार तीस वर्षांची. भाचा म्हणाला, "आत्या, ही बाज नाही. हिला झोल पाहिजे." त्यानं मापही दिलं. ११ फुटी कापड असेल तर दोन्ही टोकांमधलं अंतर ९ फुटांच्या जरासं वर ठेवायचं. मी ९ फुटांची सुतळी कापून दोन टोकांमध्ये कायमची बांधून टाकली. आता झाडं जवळ असोत की लांब, त्या सुतळीनं झोल ठरलेला राहतो. पट्ट्या नव्या आणल्या, ट्रकवरचा माल आवळायला वापरतात तशा दोन बोटं रुंद. झाडं पाच-सहा पावलांच्या अंतरावरची, पट्टी माझ्या डोक्याच्या उंचीला, बसल्यावर बूड खुर्चीइतक्या उंचीवर. झाड निवडताना भाऊ सांगतो ते ऐकते. निंब, चिंच, आंबा चालेल, शेवग्याला हात लावायचा नाही, वाळकी फांदी वर असलेल्या झाडाखाली तर बसायचंही नाही. संत्र्याच्या बागेत बांधू का विचारलं, तर त्यानं असं पाहिलं की पुन्हा विचारलं नाही.

त्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी, गावाकडे गेले होते. त्या आठवड्यात विजेची लाईन रात्रीची होती, म्हणजे भावाला गव्हाला पाणी रात्रीच द्यायचं होतं. तो जागलीला निघाला, मीही निघाले. मोटार सुरू झाली की पाईपातून आधी हवा खोकल्यासारखी येते, मग पाणी. तो आवाज, ओल्या मातीचा वास, लांब गावातून येणारी खंजेरी, आणि बॅटरीच्या उजेडात एका सरीतून दुसऱ्या सरीत पाणी वळवणारा माझा भाऊ. मी निंबाखाली झोल सोडून बांधलेल्या झोळीत निजले. या वेळी काही तुटलं नाही. पण झोपही नीट नाही. झोळीच्या मधल्या रेषेत, डोकं एका झाडाकडे, पाय दुसऱ्याकडे, सरळ. माणूस असंच निजेल ना? कापड दोन्ही बाजूंनी उभं राहिलं आणि मला शेंगेतल्या दाण्यासारखं मिटून घेतलं. खांदे आत दाबले गेले. कंबर खाली गेली, पाय वर आले, गुडघे उलट्या बाजूला ताणले गेले. आणि थंडी! वरून दोन चादरी, तरी पाठीखालून गार सुई टोचल्यासारखी. पहाटे चारला उठून भावाच्या शेकोटीजवळ जाऊन बसले. मूठ होती तिथेच होती. मनाशी ठरवून टाकलं की हे काही आपल्या वयाचं नाही.

सकाळी वेचणाऱ्या बाया आल्या. त्या तरुण बाईनं पलीकडच्या निंबाच्या वरच्या फांदीवरून बैलाचा कासरा टाकला, त्याला जुन्या लुगड्याची झोळी बांधली, आत गोधडीचा तुकडा अंथरला आणि लेकरू ठेवलं. मी शेजारी चहा पीत होते. ती ठेवत कशी होती ते मी पाहिलं. आधी झोळी दोन्ही हातांनी फाकवली. लेकराचं डोकं एका काठाकडे नेलं, पाय दुसऱ्या काठाकडे, आणि तळव्यानं त्याच्या पोटावर हलकेच दाबून कापड खाली सपाट करून घेतलं. लेकरू झोळीच्या रेषेत नव्हतं. तिरपं होतं.

मी विचारलं, असं का ठेवतेस?

"झोयीत लेकरू उभं नाही ठेवत जी. उभं ठेवलं तं मान छातीत जाते, घुसमटते. तिरपं ठेवलं का पाठ सिधी राह्यते." मग जराशी थांबून, "तुमी उभ्याच निजल्या होत्या ना? म्या पाह्यलं सकाऊन, चादर तशीच पडली होती."

ती पऱ्हाटीत, कापसाच्या पिकात, शिरली आणि मी झोळीकडे गेले. मधोमध बसले. पाय उचलून मधल्या रेषेपासून हातभर उजवीकडे नेले, डोकं थोडं डावीकडे सरकवलं. इतकंच. आणि मला अंगाखाली कापड उलगडल्यासारखं वाटलं. जे काठ भिंतीसारखे उभे होते ते बाजूला पडले. आधी खांदे सुटले, मग कंबर. कंबरेखाली जी पोकळी फळीवर राहायची तिच्यात कापड आपोआप भरलं, कुणी तळहात धरावा तसं. गुडघ्यांवरचा ताण गेला, पोटऱ्यांखाली एक शिवण तेवढी जाणवत होती, तिथे मी ओढणीची गुंडाळी सरकवली. झोळी एकदा कुरकुरली, एक हेलकावा घेतला आणि थांबली. वर निंबाचा पाला, त्यातून उन्हाचे बारके तुकडे. मूठ कुठे आहे ते मी शोधत होते, आणि शोधताना झोप लागली. सव्वा तास झोपले. उठल्यावर कंबर आहे हे लक्षातच आलं नाही, चप्पल घालायला वाकले तेव्हा आठवलं. त्या सव्वा तासानंतर चार तासांनी ती बाई मला म्हणाली, पाचच मिनिटं. आणि मी नाडी ओढली.

माझी आजीही लेकराला झोळीत असंच तिरपं ठेवायची, हे मला नंतर आठवलं, आणि आठवलं तेव्हा नवल वाटलं की इतकी वर्षं ते डोक्यात कुठे दडलं होतं. नऊवारी लुगडं दुपदरी केलं की चार मीटरच्या आसपास भरतं. आजीचं विरलेलं लुगडं आढ्याला बांधलं जायचं. धाकट्या भावाला ती झोळीत ठेवायची आणि काठाला सुतळी बांधून सुतळीचं दुसरं टोक पायाच्या अंगठ्याला. हात तुरीची डाळ निवडण्यात, अंगठा लेकरू हलवण्यात. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून त्या अंगठ्याकडे बघत पडायची. तो एका चालीत हलायचा. आजी बोलता बोलता थांबली, डाळीत खडा सापडून चरफडली, तरी अंगठ्याची चाल तीच. शेजारच्या वाड्यात बंगई होती, पितळी कड्यांची, तिच्यावर बसायला आम्ही पोरं धडपडायचो. पण झोप यायची ती या सुतळीच्या आवाजानं.

जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली १२ पुरुषांना दुपारी ४५ मिनिटं निजवलं, एकदा स्थिर पलंगावर आणि एकदा हलकेच झुलणाऱ्या. झुलणाऱ्या पलंगावर सगळ्यांना झोप लवकर लागली आणि लागली ती अधिक खोल. २०१९ साली १८ तरुणांची अख्खी रात्र अशी पाहिली, तेव्हाही गाढ झोपेचा वाटा वाढलेला दिसला. त्यांचा पलंग चार सेकंदांत एक हेलकावा घ्यायचा. हे वाचलं तेव्हा मी कागदावर गणित मांडलं. लंबकाची दोरी चार मीटर असेल तर तिचा एक हेलकावा चार सेकंदांचा होतो. म्हणजे फांदीवरून कासरा टाकून तिच्यापासून तेरा फूट खाली बांधलेली झोळी जवळपास त्याच चालीनं हलते. त्या बाईनं फांदी उंच का निवडली होती ते मला ठाऊक नाही. खालच्या फांदीवर मुंगळे होते म्हणूनही असेल. पण लेकरू त्या दिवशी उन्हं डोक्यावर येईपर्यंत एकदाही रडलं नाही.

ही वस्तू मुळात आपल्यापासून फार लांबची नाही, असं मला आता वाटतं. ऑक्टोबर १४९२ मध्ये कोलंबस बहामाच्या बेटांवर उतरला तेव्हा तिथली माणसं कापसाच्या जाळ्यांसारख्या अंथरुणात निजतात, असं त्यानं नोंदवून ठेवलं. हामाका हा त्या लोकांचाच शब्द, त्यावरून हॅमॉक. पुढे गलबतांवरच्या खलाशांनी ती उचलली, कारण लाटेवर जहाज कललं तरी झोळी सरळ राहते. मेक्सिकोतल्या युकातानमध्ये आजही घराघरांत माणसं जाळीत निजतात, आणि निजतात ती तिरपी, जवळजवळ आडवी. कापसाच्या जाळ्या! आमच्या गावात दिवाळीपासून होळीपर्यंत घराच्या पडवीत, खोलीत, कधी देवघराच्या भिंतीपर्यंत कापूस भरलेला असायचा. आम्ही त्या ढिगात उड्या मारायचो, निजायचो, अंगाला खाज सुटेपर्यंत. त्या ढिगात पाठीला जे वाटायचं, खाली काहीच नसल्यासारखं आणि सगळीकडून धरल्यासारखं, ते पुन्हा पंचेचाळिसाव्या वर्षी निंबाखाली वाटलं.

थंडीचं कोडंही तिच्या त्या गोधडीच्या तुकड्यानं सोडवलं. दुपारी मी तिला म्हटलं होतं, इतक्या उन्हात लेकराखाली गोधडी कशाला? "खालून वारा लागते जी. वरून कितीबी पांघरा, झोयीले खालून वारा लागते." खरंच, झोळीला जमीन नाही, खाली नुसती वाहती हवा. आणि चादर असो की रजई, अंगाखाली गेली की वजनानं दबते, तिच्यातली हवा निघून जाते. ऊब कापसात नसते, कापसात अडकलेल्या हवेत असते. जिनिंगमध्ये दाबलेली गाठ पाहा, दगड होतो तिचा. लेकराच्या वजनानं गोधडी दबत नाही, माझ्या वजनानं दबते. म्हणून मी जानेवारीत जरा वेगळं केलं. आईची जुनी गोधडी झोळीच्या आत न घालता बाहेरून, खालून टांगली, चारी कोपऱ्यांना सुतळी बांधून, झोळीच्या पोटाला नुसती लागेल इतकी. घट्ट बांधली तर पुन्हा दबते, लोंबती सोडली तर मधून वारा शिरतो. दोन-तीन रात्री सुतळी कमीजास्त करण्यात गेल्या. चौथ्या रात्री तापमान नऊ-दहापर्यंत उतरलेलं असताना मी पहाटे साडेपाचपर्यंत निजले. गव्हावर दव होतं, पाठीला ऊब होती, आणि तीन वाजता जाग आली नव्हती. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा मला तीन वाजले ते कळलं नाही.

बाकीच्या लहानसहान गोष्टी हळूहळू सापडत गेल्या. पायाकडची पट्टी डोक्याकडच्यापेक्षा वीतभर उंच बांधायची, नाहीतर अंगाचा जड भाग मधल्या खोलगटात जातो आणि रात्रभर पायांकडे घसरत राहतो. उशी अगदी पातळ, कारण कापडच मानेला उचलून धरतं. गुडघ्याखाली गुंडाळी हवीच. मच्छरदाणीशिवाय डिसेंबरातही निजायचं नाही. पट्टीवरून मुंगळे चालत येतात, त्यांच्यासाठी रॉकेलचा बोळा पट्टीला बांधायचा, आणि पाऊस आला तर त्याच पट्टीवरून पाणी ओघळत आत येऊ नये म्हणून एक सुतळी खाली लोंबती सोडायची. रिसॉर्टमध्ये दोन्ही टोकांना लाकडी दांडी लावून सपाट केलेली झोळी दिसते, ती फोटोत छान दिसते पण कूस बदलली की उलटते, तिच्यात मला विसावा मिळाला नाही. पोटावर निजणाऱ्या माणसाला मात्र यातलं काहीच जमायचं नाही. आणि ज्यांच्या पायात कळ उतरते, बोटं बधिर होतात, त्यांनी झोळीच्या भरवशावर राहू नये, आधी डॉक्टरकडे जावं, हे मी माझ्या सहकारी बाईंना भांडून सांगितलं आहे. माझं दुखणं साधं होतं. ते बरं झालं असंही मी म्हणत नाही. स्कुटीवर बसले की मूठ परत येते. पण रात्र माझी झाली आहे.

आणि नेमकं हेच सुख मला टोचत होतं. पऱ्हाटी मांडीपासून कमरेपर्यंत वाढते. तिच्यातला कापूस वेचायचा तर ना धड उभं राहता येतं, ना बसता. अर्धवट वाकून, सकाळी आठ ते सांजच्याला पाचपर्यंत. बोंडाच्या वाळल्या पाकळ्या नखांच्या कडेला चिरतात. ओटी भरत जाते तशी कमरेला पुढे ओढते, म्हणजे वाकलेल्या पाठीवर पुढून पाच-सहा किलो लोंबतात. पैसे किलोवर, म्हणून मान वर करायची नाही. लेकरू रडलं तर जाऊन पाजायचं, तिरपं ठेवायचं, परत ओळीत. मी अप-डाउनची कंबर घेऊन निंबाखाली निजले तेव्हा ती पन्नास पावलांवर वाकलेली होती. झोळीत कसं निजायचं हे तिला माझ्या आधीपासून ठाऊक होतं, आणि सहा महिन्यांची झाल्यावर आईच्या झोळीतून उतरली त्यानंतर ती स्वतः कधी निजली नसेल. मी पुढच्या रविवारी गेले, तर त्या बाया दुसऱ्याच्या वावरात वेच्याला गेल्या होत्या. त्याच्या पुढच्या रविवारी वेचा संपला होता. भावाला विचारलं तर म्हणाला, नदीपलीकडच्या गावच्या आहेत, येतील पेरणीच्या आधी. मी त्याला काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? कुणीतरी पाच मिनिटं मागितली आणि मी दिली नाहीत, एवढंच.

मे महिन्यात झोळीचा गुण उलटतो. हिवाळ्यात जो वारा पाठीला टोचायचा तोच आता हवासा होतो. घरात कूलरचा पंखा गरम ओल फेकत असतो, गच्चीचा स्लॅब रात्री बारापर्यंत तापलेला, गादी अंगाला चिकटते. अंगणातल्या झोळीत मात्र खालून, वरून, सगळीकडून हवा. गोधडी काढून टाकली होती. शाळेला सुट्ट्या होत्या, मी माहेरी होते, आणि नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांच्या, आठ-दहा दिवस आधी भाऊ जेवताना म्हणाला की उद्यापासून धसकटं वेचायला बाया येणार आहेत, नदीपलीकडच्या.

सकाळी सहाला मी झोळी घेऊन वावरात गेले. ती होती. लेकरू आता धरून उभं राहत होतं, निंबाच्या खोडाला धरून, आणि खाली पडलेल्या लिंबोळ्या तोंडात घालायला बघत होतं. ऊन चढायच्या आत काम उरकायचं म्हणून त्यांनी अकरापर्यंत मान वर केली नाही. मग सगळ्या सावलीत आल्या, भाकरी सोडल्या, मिरचीचा ठेचा, कांदा. मी तोवर त्याच दोन निंबांना पट्ट्या लावल्या. ९ फुटांची सुतळी ताठ आहे ना ते पाहिलं, पायाकडची पट्टी वीतभर वर सरकवली. तिला म्हटलं, "ये. डिसेंबरात राहिलं होतं." तिला आठवत होतं की नाही ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. तिनं पदराला हात पुसले. पावलांना माती लागली होती, ती झाडायला लागली, मी नको म्हटलं. सासूकडे पाहिलं. सासू भाकरीच्या फडक्याची घडी घालत होती, काही बोलली नाही.

ती मधोमध बसली आणि मला काही सांगायची वेळच आली नाही. पाय एकीकडे, डोकं दुसरीकडे, एका हालचालीत ती तिरपी झाली. तळहातानं स्वतःच्या बाजूचं कापड दाबून सपाट केलं, लेकराखालचं केलं होतं तसंच. डोळे उघडे होते. वर पाल्याकडे बघत होती. लेकरू तिच्याकडे जायला हात पसरत होतं, मी त्याला मांडीवर घेतलं, लिंबोळी त्याच्या मुठीतून काढली. मग झोळीच्या काठाला एक सुतळी बांधली आणि खोडाला टेकून बसले. ओढली. झोळी हलली. पुन्हा ओढली. पायातलं एक जोडवं उन्हाच्या तुकड्यात येऊन चमकायचं आणि सावलीत जायचं. केव्हा तिचे डोळे मिटले ते मी पाहिलं नाही, एक हात काठाबाहेर लोंबायला लागला तेव्हा कळलं. तळव्यावर धसकटांचे ओरखडे, काही ताजे, काही वाळलेले. मांडीवरचं लेकरूही जड झालं.

बाकीच्या बाया सावलीत लवंडल्या होत्या. सासू विहिरीवर जाऊन पाण्याचा गुंड भरून आली. तो खाली ठेवला, सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या हाताकडे. मला वाटलं आता उठवेल. ती माझ्या शेजारी खोडाला पाठ लावून बसली, गुडघे दुमडले, आणि हात पुढे केला. "आना जी इकडं. तुमी लेकरू सांबाया." सुतळीचा एक वेढा तिनं अंगठ्याला घेतला. मी प्रत्येक हेलकाव्याला ओढत होते. ती एक सोडून एकाला ओढत होती.